एकोणतीसचा पाढा

विष्णुपंत पुराणिकांसमोर कोणी वाढवून बोललं की ते आधी डोळे मिटत, मग एवढा लांब उसासा सोडत की टेबलावरच्या मोकळ्या कागदांनी उठून समोरची भिंत गाठावी, आणि मग एकच शब्द विचारत, "किती?"

मी ऑफिसात रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी हा शब्द माझ्या वाट्याला आला. अमावास्येची गर्दी होती, मला उशीर झाला होता. मी दारातूनच सुरुवात केली, "काय सांगू साहेब, घाटावर लाखो माणूस. पाय ठेवायला जागा नाही. सायकल डोक्यावर घेऊन आलोय."

कोपऱ्यातल्या टेबलावरून उसासा आला. "किती?"

"काय किती?"

"माणूस किती? आणि सायकलचं वजन किती?"

"ते काही मोजलं नाही."

"मग 'गर्दी होती' म्हणा ना काळे. तेवढ्यात भागतं."

मी जन्माचा फेकू. आमचे पणजोबा फौजेबरोबर माळव्यात आले ते हिशेब लिहायला. माझ्या तोंडी ते कधीच सेनापती होऊन बसले आहेत. अशा माणसाला देवाने चौदा वर्षं पुराणिकांच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. चौदा की पंधरा, ते आता विचारू नका. विचारणारा गेला.

आमचं खातं नदी-नाल्यांचं पाणी मोजण्याचं. मुळात संस्थानाचं. मग देश स्वतंत्र झाला, संस्थान मध्यभारतात गेलं आणि दारावरची पाटी बदलली. पुढे मध्यभारत मध्यप्रदेशात गेला, पुन्हा पाटी बदलली. मधल्या काळात खात्याचं नाव, शिक्का, कारकुनांच्या बदल्या, साहेबांची भाषा, सगळं इतक्या वेळा फिरलं की पाटी रंगवणाऱ्या पेंटरने आमच्या जिवावर फ्रीगंजात दुमजली घर बांधलं. (पुराणिक म्हणाले असते, "किती मजली?" एकच होतं. पण जिना होता.)

या सगळ्या विलीनीकरणात पाण्याची मोजणी करायची हत्यारं मात्र कुठेतरी विलीन झाली. सेकंद मोजायचं घड्याळ ग्वाल्हेरला मागवून घेतलं, ते तिकडचंच झालं. पाण्याचा गढूळपणा मोजायची तार इंदूरच्या कोठारात कुलूपबंद पडली, कारण कोठार कोणत्या खात्याचं ते ठरायचं होतं. पाण्याचा वेग पाहायला प्रवाहात सोडायची 'तरंगती', म्हणजे लाल रंगाची लाकडी कांडी, एका पुरात वाहून गेली. नवी मागितली तर उत्तर आलं की जुनी जमा करा.

दुसरा कोणी असता तर हात झटकून बसला असता. आम्ही सगळे बसलोच होतो. पुराणिक उसासा टाकून उठले आणि त्यांनी स्वतःची हत्यारं जमवली. आधी तरंगतीच्या जागी नारळ आला. "नारळ अर्धा बुडतो," ते सांगत, "म्हणून वाऱ्याचं ऐकत नाही. पाण्याचंच ऐकतो." उज्जैनमध्ये नारळाला तोटा नाही, यात्रेकरूंनी क्षिप्रेत सोडलेले खाली नावाडी गोळा करतात, त्यांच्याकडून पुराणिक घेत. गढूळपणासाठी काचेची एक सपाट बुडाची उभी नळी आणि जुनं पंचांग. नळी पंचांगाच्या पानावर ठेवायची, वरून डोळा लावायचा आणि पाणी ओतत जायचं. ज्या उंचीला बारीक अक्षरं दिसेनाशी होतील, तो आकडा. पंचांगच का, तर इतका बारीक आणि काळाभोर छाप दुसऱ्या कशाचा नाही. आणि तेही दरवर्षी नवं नाही, एकच जुनं. "छाप बदलला की माप बदललं," ते म्हणत. राज्य गेलं, राजे गेले, पण त्या पंचांगात संस्थानाचं तेच जुनं साल चालू होतं. ते लाल कापडात गुंडाळून पिशवीत असे.

आणि घड्याळाच्या जागी एकोणतीसचा पाढा.

हे मला त्यांनी नाल्यावरच दाखवलं. मी विचारलं, "एकोणतीसच का? बेचा म्हणा, सोपा आहे."

"सोपा आहे म्हणूनच नाही. बेचा पाढा जीभ पळवतो. एकोणतीसच्या पाढ्यात कोणी पळू शकत नाही, अडखळून बरोबर एका चालीने जावं लागतं. स्टेशनच्या घड्याळासमोर उभा राहून महिनाभर ताडून पाहिलंय." मग थकल्या आवाजात, "लोक मला तिथे पागल समजायचे. समजू देत. त्यांना गाडी पकडायची असते, त्यांचं लक्ष कुठे असतं."

हा नाला म्हणजे भैंसाखाल. माळव्यात ओढ्याला खाल म्हणतात. तेव्हा नानाखेड्याच्या पुढे निव्वळ शेतं होती, आणि त्या शेतांमधून काळी माती कालवत हा ओढा क्षिप्रेला मिळे. उन्हाळ्यात त्याच्या पात्रात म्हशी बसत आणि म्हशीच जास्त, पाणी कमी, असा प्रकार. पण पावसाळ्यात वरच्या टेकड्यांवर एक सर पडली की भैंसाखाल क्षिप्रेच्या आधी फुगे आणि आधी गढूळ होई. तो जिथे नदीला मिळे त्याच्या खाली शहराच्या पाण्याचे पंप होते. म्हणजे भैंसाखालीचं सकाळचं पाणी दुपारी उज्जैनच्या नळात. पुराणिकांनी हे हेरलं होतं. पंचांगाची अक्षरं चार बोटं पाण्याच्या आत दिसेनाशी झाली की ते सायकलवरून पंपावर निरोप धाडत, पंप बंद होत आणि गाळ पुढे वाहून जाई. नळ कोरडे पडत. सगळं शहर त्यांना शिव्या देई. सगळ्यात आधी त्यांचं घर.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हंडा घेऊन दारात उभ्या असत. "या. आलात? तुमच्या नाल्याची तब्येत कशी आहे? इथे माझ्या नळाला धार नाही."

"पाणी गढूळ आहे."

"असू दे ना मैलं. मी गाळून घेईन. चार पदरी फडक्याने गाळते मी."

"किती गाळशील?"

"अहो, नळ तर सोडा आधी, मग सांगते किती ते." मग माझ्याकडे वळून, "काळे, तुम्ही तरी समजवा. आणि माझं उलथणं कुठे गेलंय, विचारा यांना. लोखंडी उलथणं. माहेरचं होतं."

उलथणं कुठे गेलं होतं ते मला माहीत होतं. ते भैंसाखालीवर होतं. कशासाठी, ते आता येतंय.

नाल्यावर रामसिंग नावाचा चौकीदार होता. तगडा माळवी माणूस, मिशा अशा की त्यांवर दोन कबुतरं आरामात बसावीत. पद्धत अशी होती: नाल्यावर आडवे दोन दोर ताणलेले; वरच्या दोराशी पुराणिक धोतर खोचून, चपला काढून पाण्यात उभे राहत. नारळ सोडत आणि पाढा सुरू करत. खालच्या दोराशी रामसिंग. नारळ दोराखालून गेला की तो हात वर करी, पुराणिक पाढा तोडत आणि कुठे तोडला ते लक्षात ठेवत. मग ओरडून विचारत, "कितना?" रामसिंग पाण्यात रोवलेल्या दगडी पट्टीवरचा आकडा वाचून ओरडे, "दो फुट, चार अंगुल." मग पुराणिक खडकावर बसत, लाल कापड सोडत, पंचांग उघडत, नळी ठेवत आणि एक डोळा मिटून नळीत पाहत बसत.

आता तुम्हीच सांगा. आसपासच्या खेड्यातला माणूस बांधावरून काय पाहतोय? नाव पुराणिक. धोतर, अनवाणी पाय, रोज सकाळी आंघोळीनंतर हजर. पाण्यात नारळ. तोंडाने अखंड काहीतरी चाललंय, "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे, पंचे पंचेचाळासे." माळव्यातल्या शेतकऱ्याला याच्यापेक्षा अस्सल मंत्र कुठे मिळायचा? मग लाल कापडातून पंचांग, आणि पाण्यात डोळा लावून बसणं.

"पंडितजी पानी में आगे का देखे," असं गावोगावी झालं. एका परीने ते पाहतच होते.

पहिल्यांदा पट्टीवर शेंदराचं एक बोट दिसलं. दुसऱ्या दिवशी हातभर. मग हळद, तेल, पुन्हा शेंदूर. आकडे बुजले. पुराणिकांनी रामसिंगला बोलावलं.

"ये किसने किया?"

"मन्ने तो देख्यो नी साहब."

"तू तो यहीं रहता है."

"रहता हूँ साहब. पर जद लोग आवे, मैं आँख मीच लूँ. श्रद्धा की बात है." त्याच्या मिशीला खोबऱ्याचा कीस लागलेला होता.

त्या दिवशी उलथणं आलं. पुढे रोज सकाळी पुराणिक आधी पट्टी खरवडत, मग मोजत. रोज गाव शेंदूर लावी, रोज ते काढत. मी म्हणालो, "पंत, एकदा सांगून टाका लोकांना की तुम्ही सरकारी नोकर आहात."

"सांगितलं. ते म्हणाले, 'तो महाकाल बी राजा है उज्जैन का, वो बी सरकार ही हुआ.'" उसासा. "आता याच्यावर काय बोलणार? सांगा बरं."

एकदा गेंदीबाई नावाची म्हातारी बांधावर बसून होती. पंतांचं मोजून झालं तशी पुढे आली. "पंडितजी, म्हारी बहू के पोतो होवेगो के नी?"

मी हसू दाबलं. पुराणिकांनी नळीतून डोळा काढला, थकून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कितने चाहिए?"

म्हातारीने दोन बोटं वर केली. पुढल्या पावसाळ्यात सुनेला जुळे झाले. इथे मी काही वाढवत नाही, ऑफिसातल्या कोणालाही विचारा. त्यानंतर बांधावर वडाखाली पायऱ्या झाल्या, घंटा आली, आणि पुराणिकांच्या कपाळावरची आठी कायमची झाली. ते नास्तिक होते असं नाही. म्हणायचे, "देव असेल. माझी ना नाही. पण किती आहे ते कोणी सांगत नाही, म्हणून मी त्याच्यावर काही बांधत नाही."

मग मध्यप्रदेश झाला. नवे साहेब आले. शिकलेले, नीटनेटके, कपड्यांना इस्त्री, मोठ्या नद्यांवर काम केलेले. त्यांनी नकाशा पसरला, चष्मा लावला, आणि भैंसाखाल शोधली. ती नव्हती. नव्या राज्याच्या नकाशात एवढ्या लहान ओढ्यांना रेघ नव्हती.

"पुराणिकजी, बड़ी नदी नापिए. ये नाले-वाले छोड़िए. नाले सब एक जैसे होते हैं."

पुराणिक उभे होते. म्हणाले, "जैसे साहब लोग सब एक जैसे होते हैं?"

ऑफिसात पंखा नव्हता, तरी सगळ्यांना गार वारा लागला. साहेब वाईट नव्हते, हसले. पण हुकूम काढला. दिवाळीनंतर भैंसाखालीची मोजणी बंद, चौकीदाराची जागा रद्द, दगडी पट्टी उपटून जमा. पट्टी गेली की पुन्हा कोणी रोवणार नव्हतं, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी पुराणिक सायकल हातात धरून चालत निघाले. चढ नव्हता, तरी चालत. मी बरोबर.

"पंत, सुटलात. पायपीट वाचली. काकूंच्या नळाला चोवीस तास पाणी."

त्यांनी सायकल दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "काळे, मी थकलोय. खरंच थकलोय. मला कोणी सांगितलं असतं की नाला आता मोजायचं काही राहिलं नाही, तर मी इथेच रस्त्यात पथारी टाकून झोपलो असतो. पण पुढच्या पावसात तो गढूळ होणार आहे. आणि पंप चालू असणार आहेत. एवढंच आहे, बाकी काही नाही."

त्यांनी भोपाळला लिहिलं. उत्तर आलं की पत्र चुकीच्या खात्याला आलं आहे. त्या खात्याला लिहिलं. उत्तर आलं की ते खातं आता नाही. पंपावरच्या इंजिनियरला भेटले. तो म्हणाला, "आपका संदेशा आता था तो हम बंद करते थे. नहीं आएगा तो चालू रखेंगे. इसमें हमारा क्या है?" पुराणिक परत आले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. उसासासुद्धा आला नाही. तेव्हा मला भीती वाटली.

आणि मग मी माझं हत्यार काढलं. तोंड.

मी खेड्यात गेलो. लोकांना म्हटलं, सरकार तुमच्या पंडितजींचा दगड उपटणार आहे. बस्स. पुढचं त्यांनीच केलं. दुसऱ्या दिवशी गावकरी बैलगाड्या घेऊन ऑफिसासमोर, पुढे गेंदीबाई, कडेवर एकेक नातू. मग अर्ज लिहायची वेळ आली. तो मी लिहिला. पाण्याच्या खात्याला नाही, देवस्थानांच्या खात्याला. नाला मोजायला सरकारजवळ पैसा नव्हता, पण देवाच्या दगडाला हात लावायची सरकारची छाती नव्हती. अर्जात मी असं लिहिलं की भैंसाखालीच्या काठी एका ऋषीने तप केलं, त्याची म्हैस याच पाण्यात शापमुक्त झाली, दगड स्वयंभू आहे आणि त्यावरच्या रेघा देवांनी मारल्या आहेत. त्या खात्याने मान्य केलं. जागा देवस्थान म्हणून नोंदायची, दगडाला हात लावायचा नाही, पुजाऱ्याला मानधन. फक्त एक अट: पुजारी विष्णुपंत पुराणिक यांनी सही करून द्यावी की ते या स्थानाचे परंपरेने पुजारी आहेत.

मी तो कागद नाचवत त्यांच्या घरी गेलो. काकू वाती वळत होत्या. पुराणिकांनी कागद वाचला, अर्ज वाचला, पुन्हा कागद वाचला.

"काळे, या अर्जात खरं किती आहे?"

"नाल्याचं नाव खरं आहे."

"आणि मी?"

"तुमचंही नाव खरं आहे. पंत, एक सही. सहीनंतर रोज जा, रोज मोजा, रोज निरोप पाठवा. कोण अडवतंय? मानधन वर."

काकू म्हणाल्या, "करा ना सही. इतकी वर्षं लोक तुम्हाला पुजारीच समजतात. मी पण समजते. मला काय कधी घरात सापडलात?"

पुराणिकांनी टाक हातात घेतला. मला वाटलं जिंकलो. टाक कागदावर टेकला, शाईचा एक ठिपका पडला. आणि तो तसाच राहिला.

"मी उद्या पंपावर सांगेन की पाणी गढूळ आहे, पंप बंद करा," ते हळूहळू म्हणाले. "तो विचारेल, कोण सांगतंय? मी सांगणार, म्हशीच्या देवाचा पुजारी. मग तो पंप बंद करेल का? केलाच तर नमस्कार करून करेल. आकडा ऐकून नाही. आकडा खरा असून उपयोग नाही हो. सांगणाराही जिथे उभा आहे तिथे खराच उभा पाहिजे."

"मग दगड उपटतील."

"मी सही करणार नाही म्हणालो. दगड उपटू द्या असं कुठे म्हणालो?" त्यांनी टाक खाली ठेवला. "रामसिंगला विचारा. तो तसाही नारळ खातोच. निदान खरा पुजारी होईल."

रामसिंगने अंगठा दिला. इतक्या जोरात दिला की टेबलाचा पाय हलला. दगड वाचला, घंटा राहिली, आणि त्या दिवसापासून भैंसाखालीवर पुराणिकांना काही अधिकार राहिला नाही. ना सरकारचा, ना देवाचा.

तरी ते जात राहिले. ऑफिसच्या आधी, आणि निवृत्त झाल्यावर ऑफिसऐवजी. रामसिंग आता भगवं नेसून आधी पूजा करी, मग खालच्या दोराशी जाऊन हात वर करी. त्याने तेवढं सोडलं नाही, हे त्याचं मोठेपण. पुराणिक उलथण्याने पट्टी खरवडत, तो मान दुसरीकडे फिरवी. "आप खुरचो साहब, मैं देखूँ नी. साँझे फेर लगा दूँगा." मग ते पंपावर निरोप देत. इंजिनियर बदलत राहिले. कोणी ऐके, कोणी विचारी, "आप किस हैसियत से?" पुराणिक म्हणत, "चलते-चलते." ज्याने ऐकलं त्याच्या दिवसांत शहर स्वच्छ पाणी प्यायलं. ज्याने नाही ऐकलं त्याच्या एका पावसाळ्यात दवाखान्यांसमोर रांगा लागल्या, पोटाची साथ आली, आणि फ्रीगंजात प्रत्येक घरी सरबतासारखं मीठ-साखरेचं पाणी. त्या दिवसांत मला वाटलं, आता पंत साहेबांकडे जातील, म्हणतील, बघा. ते घरी बसून राहिले. काकू पाणी उकळत होत्या.

"जा ना, सुनवा त्यांना," मी म्हणालो.

"काय सुनवू? मी सांगितलं होतं, हे? ते त्यांनाही माहीत आहे." त्यांनी पाय पलंगावर घेतले. "पाय दुखतात काळे. एवढंच सांगायचंय कोणाला तरी."

मग तब्येत गेली. डॉक्टर आले, नाडी पाहिली, म्हणाले, "कमज़ोरी है, पंडितजी. थकान बहुत है."

"कितनी?" पुराणिक म्हणाले. डॉक्टर हसले. त्यांना वाटलं विनोद आहे.

शेवटच्या आठवड्यात मी रोज जाई. पावसाळा लागला होता. एक दिवस त्यांनी विचारलं, "आज गेला होतात का?" त्यांनी मला सांगून ठेवलं होतं की एकदा भैंसाखाल बघून या. मी गेलो नव्हतो. चिखल फार होता, माझे गुडघे. पण आजाऱ्याला आनंद द्यावा म्हणून म्हणालो, "जाऊन आलो तर. आरशासारखं पाणी. पंचांगातली एकादशी तळाशी चमकत होती."

"किती?"

"सव्वा फूट नळी भरली तरी दिसत होती."

ते डोळे मिटून हसले. "नळी एक फुटाची आहे."

काकू पलीकडे पदर तोंडाला लावून हसत होत्या, की रडत, कळलं नाही.

"काळे, तुम्ही फार गोड फेकता," ते म्हणाले. "ऋषी फेका, म्हशी फेका, सेनापती फेका. मला त्याने चार घटका बरं वाटतं, खोटं नाही बोलत. फक्त आकडा फेकू नका. आकड्यावर कोणीतरी पाणी पितं."

ते गेले तेव्हा घाटावर खेड्यातली एवढी माणसं आली होती की... गर्दी होती.

पुढे बरीच वर्षं मी भैंसाखालीकडे फिरकलो नाही. नानाखेड्याला वस्ती वाढत गेली, शेतांवर प्लॉट पडले, बस जायला लागली. एका पावसाळ्यात काकूंनी निरोप पाठवला, पंतांचं श्राद्ध आहे, त्यांना आवडलं असतं, एकदा जाऊन या. तेव्हा गेलो.

वडाखाली आता पत्र्याचं छप्पर होतं. रामसिंग म्हातारा झाला होता, मिशा पांढऱ्या, पण कबुतरं अजून बसू शकली असती. दहा-वीस माणसं हात जोडून उभी. रामसिंग पाण्यात उतरला, नारळ सोडला आणि म्हणू लागला, "एकोनतीस एके एकोनतीस, एकोनतीस दूने अठावन, तिरिक सत्यांसी, चोक सोलोदरसे..." एका चालीने. कुठेही पळत नव्हता. त्याला त्यातला एक आकडा कळत नव्हता आणि एकही चुकत नव्हता. खालच्या दोराशी त्याच्या जावयाने हात वर केला. रामसिंग थांबला. आणि सगळ्या माणसांनी एकदम, आरतीच्या शेवटासारखं विचारलं, "कितना?"

मग सगळ्यांनी माना वाकवल्या. उत्तर कोणी दिलं नाही. पूजेत उत्तर नव्हतंच. देवळीत लाल कापडावर पंचांग, त्यावर नळी, नळीत झेंडू.

मी पाण्याकडे पाहिलं. चहासारखं होतं. खाली कुठे पंप चालू होते का बंद, मला माहीत नव्हतं.

रामसिंगने मला ओळखलं. "साहब, आप तो उनके साथ के हो. आप बोल दो. कितना है?"

माणसं माझ्याकडे बघायला लागली. काय अवघड होतं? दोन, अडीच, तीन, मी जन्मभर याच्या शंभरपट सांगत आलोय. तोंड उघडलं. आकडा निघाला नाही.

"रामसिंग, उलथणं आहे का रे?"

तो देवळीत गेला आणि घेऊन आला. त्यालाही कुंकू लावलेलं होतं, हळदीचा दोरा बांधलेला होता. मी धोतर खोचलं, चपला काढल्या. गुडघे कुरकुरले. पाणी गार होतं. पट्टीवर शेंदराचा इतका जाड थर होता की... बोटभर होता. मी खरवडायला लागलो. मागे कुजबूज झाली. रामसिंगने मान दुसरीकडे फिरवली, आणि त्याच्याकडे बघून बाकीच्यांनीही फिरवली.

बऱ्याच वेळाने खाली एक रेघ लागली. मग दुसरी. मी वाकून, चष्मा पुसून, पाण्याची कड कुठे टेकते ते पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"दो फुट, एक अंगुल," मी म्हणालो. मला स्वतःला ऐकू येण्याइतकंच. मग जरा मोठ्याने.

लोकांनी हात जोडले. मी काहीही वाढवलं नव्हतं.